मदत हवी आहे: दुबईहून आल्यावर ५१ हजारांचं मोबाईल बिल, भरायचं की भांडायचं?

नमस्कार मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. गणपतीनंतर आईला घेऊन दुबईला जाऊन आलो. माझा, बायकोचा आणि आईचा असे तिन्ही नंबर एकाच फॅमिली पोस्टपेडवर, बिल माझ्या नावावर. जायच्या आधी तिघांनाही यूएईचा रोमिंग पॅक टाकला होता, ॲक्टिव्हेट झाल्याचे मेसेज आहेत. पॅक आणि नेहमीचं भाडं धरून दहा हजारांची तयारी ठेवलीच होती. परवा बिल आलं ५१,६४० रुपये.

उघडून बघतो तर आईच्या नंबरवर एकाच दिवसाचा डेटा, देश ओमान, ६४ एमबी, चार्ज ३५,२००, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ६,३३६. एमबीमागे साडेपाचशे रुपये! ६४ एमबीत सिरीयलचा अर्धा भागसुद्धा धड बघून होत नाही हो.

झालं असं की टूरवाल्याने एक दिवस मुसंदमची बोट दिली होती, दुबईहून गाडीने दिब्बा, तिथून लाकडी बोटीत बसवून डोंगरांच्या मधून फिरवतात, डॉल्फिन दिसले तर दिसले. मुसंदम ओमानचंच, पण मधे यूएई येत असल्याने बाकी ओमानपासून तुटलेलं आणि दिब्बा गावही विभागलेलं, थोडं यूएईत थोडं ओमानमधे. माझा आणि बायकोचा फोन पाणी उडेल म्हणून पिशवीत बंद होता, आईचा हातात. तिने डॉल्फिनचा व्हिडिओ काढून लगेच भिशीच्या ग्रुपवर टाकला, मागे फोटोंचा बॅकअप चालूच असणार. आई अजून म्हणते आपण ओमानला गेलोच कधी.

आता माझी खरी तक्रार. ओमानचे दर सांगणारा मेसेज आईच्या फोनवर आला तो रात्री आम्ही दुबईत हॉटेलवर जेवत होतो तेव्हा, वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. शिवाय बिलावरच क्रेडिट लिमिट छापलंय ६ हजार, ते ओलांडून कितीतरी पुढे गेलं तरी ना मेसेज, ना फोन, ना डेटा बंद. कस्टमर केअरला विचारलं तर "सर सिस्टीम जनरेटेड आहे". फार ताणल्यावर गुडविल म्हणून २० टक्के कमी करतो म्हणाले. नशीब एवढंच की कार्डावरच्या ऑटोपेला १५ हजारांच्या वर ओटीपी लागतो, म्हणून पैसे आपोआप गेले नाहीत.

मला कळत नाहीये की मान्य असलेले दहा हजार भरून बाकीचं अडवता येतं का, आणि तोवर नंबर तोडतील का. माझा तोडला तर बघून घेईन, पण आईच्या नंबरवर पेन्शनचं खातं, आधार, गॅसचं बुकिंग सगळं आहे. तिचा नंबर दुसरीकडे पोर्ट करून मग भांडावं का? कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

वाशीकर:
पोर्टचा विचार सोडा, ड्यू डेट उलटून थकबाकी राहिली की पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. मी बरीच वर्षं बिलिंगमधे होतो म्हणून सांगतो, परदेशातल्या वापराची नोंद तिथल्या कंपनीकडून येते, कधी काही तासांत, कधी दिवस लागतात, त्यामुळे लिमिट ओलांडल्याचं आम्हाला कळलंच नाही असं ते म्हणतील. तरी आयटमाइज्ड बिल मागा, त्यात प्रत्येक डेटा सेशनची वेळ आणि नेटवर्कचं नाव असायला हवं. बोट किती वाजता निघाली ते टूरवाल्याकडून लेखी घ्या आणि जुळवून बघा, दिब्ब्यात यूएईच्या बाजूला उभे असतानाही फोन ओमानचा टॉवर पकडू शकतो. बोट निघायच्या आधीचं असं सेशन निघालं तर तुमची बाजू भक्कम. आणि फोनवर भांडू नका हो, कंपनीच्या १९८ ला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या, सोबत ईमेल करा की एवढी रक्कम मान्य म्हणून भरतोय आणि एवढी वादात आहे, नंबर चालू ठेवा.

नेरूळची मावशी:
डॉकेटवर काही झालं नाही की त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे जायचं, ३० दिवसांच्या आत, फी नाही, ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्रायला, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाला, मेल पाठवत बसू नका, ते एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाहीत. त्याच्यापुढे ग्राहक आयोग आहेच. टेलिकॉमचं प्रकरण तिथे चालत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने चालतं म्हणून सांगितलंय. ५ लाखांपर्यंत फी पण नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन करा, पुष्कळदा तेवढ्यानेच कंपनी हलते. आणि २० टक्क्यांना हो म्हणू नका, माझ्या जावेला आधी असंच दिलं होतं, शेवटी निम्म्याच्या खाली आले.

धागाकर्ता:
दोघांचे खूप आभार. डॉकेट घेतलं, ईमेल केली, दहा हजार उद्या भरतो. आयटमाइज्ड बिल मागितलं तर म्हणतात ॲपवर आहे तेवढंच. वाशीकर, सेशनच्या वेळा ईमेलमधे नेमक्या कुठल्या शब्दांत मागायच्या म्हणजे टाळता येणार नाही?