व्हर्निअर हरवला म्हणून पगार कापला. तुमचं मत काय?

धायरीकर: भाचा पुण्यात धायरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) आहे, पगार साडेपंधरा हजार. मागच्या महिन्यात डिजिटल व्हर्निअर, म्हणजे जॉबचं माप घ्यायचं साधन, गायब झाला. मालकाने विचारलं नाही, शोधलं नाही, थेट सहा हजार कापले. म्हणे, मशीन तुझं तर व्हर्निअरही तुझाच. त्या मशीनवर तीन पाळ्यांत तिघं उभे राहतात! स्लिपवर नुसतं 'इतर कपात'. मला तर ही सरळ लूट वाटते.

लेथवाला: नऱ्ह्यात माझी आठ माणसांची शेड आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. गेल्या वर्षी तीन व्हर्निअर आणि एक मायक्रोमीटर गेला. इन्सर्ट (धातू कापायची छोटी पाती) किती गेले त्याची गणतीच नाही, डबी खिशात मावते हो. जॉबवर्कचा दर काम देणारी पार्टी ठरवणार, पैसे तीन महिन्यांनी देणार. शेवटी एकाचे हजार कापले, तेव्हापासून सगळे कपाटाला कुलूप लावून जातात. मालक म्हणजे धर्मशाळा नव्हे.

पगारपत्रकवाली: कापता येतात, पण कधी? 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात आणि आता 2019 च्या वेतन संहितेतही हेच आहे: वस्तू त्याच माणसाच्या ताब्यात दिलेली हवी, ती त्याच्याच हलगर्जीपणाने गेलेली हवी, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं. नुकसानीपेक्षा जास्त कापायचं नाही. एकूण कपात निम्म्या पगाराच्या वर जाता कामा नये, हेही आहे; पण सहा हजार त्यात बसतात, म्हणून कपात आपोआप कायदेशीर होत नाही.

धायरीकर: नुकसानीचं बरं काढलंत. व्हर्निअर चार वर्षांचा, बॅटरीचं झाकण सेलोटेपने चिकटवलेलं. कापले मात्र नव्याचे.

जुना फिटर: आमच्या हडपसरच्या कंपनीत टूलरूमच्या खिडकीवर पितळी बिल्ला द्यायचा, तो हुकला अडकवून हत्यार मिळायचं. एकदा माझ्या नावावरचा गेज (माप तपासायचं साधन) हरवला. चौकशी झाली, बिल्ला माझाच निघाला. गपगुमान भरले पैसे. राग आला, पण अन्याय वाटला नाही. (बिल्ला हरवला तर त्याचेही पैसे घ्यायचे, ती गंमत वेगळीच!)

लेथवाला: काका, आठ माणसांत टूलरूमला माणूस कुठून बसवू?

जुना फिटर: माणूस कशाला? दोनशे पानी वही आण. पाळी बदलताना देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही.

लेथवाला: रात्री साडेअकराला सगळ्यांचा डोळा बसच्या वेळेवर. न बघताच सह्या ठोकतील.

पगारपत्रकवाली: मग न बघता सही करणाऱ्याचे कापा, निदान नाव तरी असेल. धायरीकर, कपातीचं कारण आधी लेखी मागा. नाही दिलं तर वाकडेवाडीला कामगार कार्यालयात अर्ज करा.

धायरीकर: भाचा अर्जाला घाबरतोय, नोकरी जाईल म्हणतो. पण त्या आठवड्याच्या हजेरीचा फोटो काढून आणलाय. व्हर्निअर गेला त्या दिवशी त्याची सुट्टी होती.