बीपी आहे, अंडी-सॉसेजचा नाश्ता सुटत नाही. नेमकं काय कमी करू?

मंडळी, आम्ही लेस्टरला राहतो. नवऱ्याला बीपीची गोळी सुरू झालीय, कोलेस्टेरॉलही काठावर आहे. शनिवार-रविवारी त्याला अंडी, सॉसेज, बेकन, बीन्स, टोस्ट असा भरगच्च इंग्लिश नाश्ता लागतो. काळजी घ्यायची म्हणून तो हल्ली अंड्यातला बलक काढून टाकतो. सॉसेज मात्र तेवढीच! मला हे उलटं वाटतंय.

मोठ्या अंड्यात ६-७ ग्रॅम प्रथिनं असतात. बलकात २०० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण ड जीवनसत्त्व, कोलीन आणि जवळजवळ सगळं बी१२ही तिथेच असतं. इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, अंडी किती खावीत याला मर्यादा घातलेली नाही. त्यांचा भर संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) कमी करण्यावर आहे.

आणि ती आहे सॉसेजमध्ये. आमच्या पाकिटावर दोन सॉसेजना ७ ग्रॅम संपृक्त चरबी आणि सव्वा ग्रॅम मीठ लिहिलंय. मोठ्या माणसाने दिवसाला ६ ग्रॅमच्या वर मीठ खाऊ नये म्हणतात. बेकन आणि डब्यातले बीन्स धरले तर त्यातलं निम्मं सकाळीच संपतं. शिवाय इथे ‘पोर्क सॉसेज’ म्हणून विकायला ४२ टक्के पोर्क असलं तरी चालतं, म्हणजे प्रथिनांसाठी खातो म्हणावं तर बराचसा रस्क (पावासारखा चुरा) आणि पाणीच. दोन सॉसेज आणि बेकनच्या दोन पट्ट्या मिळून १३० ग्रॅम होतात. लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस रोज ९० ग्रॅमच्या वर खाणाऱ्यांना एनएचएस ७० वर यायला सांगते.

नाश्ता बंद कर असं मी त्याला सांगणार नाही. एकटा इथे आला तेव्हापासूनचा त्याचा हा एकच लाड आहे. बलकासकट दोन अंडी, एकच सॉसेज, बेकन बंद, जोडीला परतलेले मश्रूम-टोमॅटो असं केलं तर चालेल का? इथे कुणी आहारतज्ज्ञ असाल तर कृपया सांगा. चिकन सॉसेजमध्ये चरबी कमी दिसते, पण मीठ जवळपास तेवढंच.

दुसरं, चिकन खिम्यात मिरी, जायफळ, लसूण घालून घरीच लांबट वळून बघितले. चव जमली, पण तव्यावर तुटतात आणि कोरडे पडतात. मीठ न वाढवता ते धरून राहावेत म्हणून तुम्ही काय घालता?