अनुभव धागा: तुमचा दिवस जसा, तसा तुमचा प्रवास. खान्देशकरांनो, लिहा!

जळगाव-भुसावळ अंतर जेमतेम २५ किलोमीटर. तेवढ्यासाठीही कोणी रेल्वेचा पास काढतो, कोणी एसटी धरतो, कोणी मे महिन्याच्या उन्हात तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकल काढतो. मला वाटतं, पैशापेक्षा घरचं आणि कामाचं वेळापत्रकच हे ठरवतं. तुमचं कसं ठरतं? मोकळेपणाने लिहा.

रावेर, केळी बागायतदार
आमचा प्रवास लाईट ठरवते, भाऊ. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळी लागली की दोन वाजता मळ्यात जावं लागतं. त्या वेळी कुठली एसटी? उन्हाळ्यात केळीला एक पाणी चुकलं तरी घडाचं वजन उतरतं. म्हणून मोटारसायकल घेताना मी आधी पाहिलं की मागे खताची गोणी नीट बसते का, आणि हेडलाईटचा उजेड बांधापर्यंत पोचतो का. यावल-रावेर पट्ट्यात बिबट्या फिरतो, रात्री पायी जायची हिंमत होत नाही. बायकोला मात्र ही गाडी तालुक्याला जायला कधीच मोकळी मिळत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

अमळनेर, शिक्षिका
मी अपडाऊनवाली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि मी शेअर रिक्षा सोडली. पण खरा बदल सासूबाईंचा. त्यांना पंचाहत्तर पूर्ण झालीत, म्हणून तिकीटच नाही. आधी कोणी नेईल तेव्हाच धरणगावला माहेरी जायच्या. आता मनात आलं की पिशवी भरतात आणि स्टँडवर जातात.

जामनेर
धागाकर्ते दादा, पैसा ठरवत नाही हे मला पटलं नाही. पाचोरा-जामनेर छोटी गाडी, आमची पी.जे., २०२० मध्ये बंद झाली. हळू चालायची, पण माय भाजीच्या टोपल्या घेऊन त्यातच चढायची. रिक्षावाला टोपलीचे वेगळे पैसे मागतो, त्यात नफाच जातो. तिने पाचोऱ्याचा बाजार सोडला, आता गावातच बसते. ब्रॉडगेज होतंय, पण तिथे टोपलीला जागा असेल का?

भुसावळ, रेल्वे कर्मचारी
ड्युटीचा कॉल कधीही येतो. क्वार्टरपासून सायकल, बस्स.

धडगाव, आरोग्यसेविका
आमच्याकडे जीप भरली की सुटते, त्यामुळे वेळ विचारून उपयोग नाही. बाजाराच्या दिवशी मात्र सगळा पाडा खाली उतरतो. मीठमिरची, दवाखाना, बँक, सोयऱ्यांची भेट, सगळं त्याच एका खेपेत. त्या दिवशी मी लसीकरणाला वर गेले तर घरात म्हातारी माणसंच भेटतात. म्हणून सत्र बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ठेवायचा आग्रह मी धरते, आणि बाजारात भेटलेल्या आयांना तिथेच सांगून ठेवते.