मदत हवी आहे : आईच्या खुब्याचं ऑपरेशन आणि भुलीवरची ट्रायल

नमस्कार मंडळी. आई ७८ वर्षांची, घरात पडून खुब्याचं हाड मोडलंय. परवा ऑपरेशन. भूलतज्ज्ञ म्हणाले, कमरेतून भूल की पूर्ण भूल, यावर ट्रायल चालू आहे, आईंना घ्यायचं का? कोणती भूल मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. भाऊ म्हणतो, "आईवर प्रयोग नको." मला तो नकार घाईचा वाटतो. अमेरिका-कॅनडात रीगेन नावाच्या अभ्यासात (२०२१) १,६०० रुग्ण होते. साठ दिवसांत मृत्यू किंवा काठी-वॉकर घेऊनही स्वतःहून सुमारे दहा फूट चालता न येणं, हे दोन्ही गटांत सुमारे १८ टक्केच निघालं. ऑपरेशननंतरचा भ्रमही जवळपास सारखाच.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आईला रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे. कमरेत सुई टाकायची तर ती आधी काही दिवस बंद हवी ना? आणि खुब्याचं ऑपरेशन तितकं थांबवणं बरं नाही. मग अशा रुग्णाला ट्रायलमध्ये घेतात कसं?

ग्रुपमधल्या डॉक्टरांनी कृपया सांगा. सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं (ट्रायलला परवानगी देणारी समिती) पत्र मागणार आहेच, आणखी काय विचारू? घरच्या कुणी असा सहभाग घेतला असेल तर तेही लिहा. सही आईच करणार, पण ती माझ्याकडे बघतेय. उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.