काजव्यांचे फोटो म्हणजे फसवणूक?

रानभूल:
परवा एकाने लिहिलं, "भंडारदऱ्याला गेलो, फोटोतल्या निम्म्याच्या निम्मेही काजवे नव्हते. फोटोग्राफर सगळे लबाड." तिथे उत्तर लांबलं म्हणून हा वेगळा धागा.

काजव्यांचा फोटो एका क्लिकचा नसतोच. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का. संधिप्रकाशात कमी आयएसओवर (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) झाडाची एक फ्रेम. अंधार पडल्यावर एफ २.८ (लेन्सचं छिद्र मोठं उघडं), आयएसओ १६०० ते ३२००, प्रत्येकी ३० सेकंदांच्या ६० ते १०० फ्रेम्स पाठोपाठ. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब फ्रेममधले खोटे ठिपके पुसणारी सोय) बंद, नाहीतर दर फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून बसतो. मग सगळ्या फ्रेम्स 'लाइटन' मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक जागचा सर्वात उजळ बिंदू ठेवत, एकावर एक. तुम्हाला दिसते ती अर्ध्या-पाऊण तासाची बेरीज. एकही ठिपका वरून चिकटवलेला नाही. लबाडी कसली?

तिरकसकाका:
लबाडी ही, की फोटोखाली "भंडारदरा, काल रात्री" एवढंच असतं. बेरीज आहे हे कोण लिहितं? आणि बघायचं असतं ते लुकलुकणं. सादड्याच्या एका झाडावरचे काजवे तालात पेटतात-विझतात, उजेड फांद्यांवरून सरकत जातो. तुमच्या बेरजेत तो ताल मेला. उरली लग्नाच्या मांडवावरची रोषणाई.

रानभूल:
स्थिर फोटोत ताल कसा येणार? व्हिडिओ बघा की.

प्रवराकाठ:
तुमचं चालू द्या, पण खरा घोळ एआयचा आहे. सध्या फिरतंय त्या चित्रात झाडभर काजवे, खाली हिरवंगार गवत, मागे फेसाळता धबधबा. अहो, काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर. तेव्हा डोंगर पिवळे, ओढे कोरडे. धबधबे असे कोसळायला लागेपर्यंत काजव्यांचा खेळ आटोपलेला असतो. दुसरी खूण: खऱ्या फोटोत उडत्या काजव्याची तुटक रेघ उमटते. बनावटीत सगळे ठिपके गोल, एका मापाचे.

घाटवळण:
काजवे कमी का दिसतात यावर कुणीच बोलत नाही! शनिवारी रात्री भंडारदऱ्याजवळच्या घाटघर, उडदावणे, पांजरे या गावांच्या रस्त्याला गाड्यांची रांग, हेडलाइट चालू. नर उडताना लुकलुकतो, मादी झुडपावरून ठरावीक अंतराने उत्तर देते. मध्ये पांढरा एलईडी आला की तिचं उत्तर त्याला दिसत नाही. प्रौढ काजव्याच्या हाती दोन-तीन आठवडे. अळ्या पाचोळ्यात गोगलगायी खात वाढतात, तिथेच पार्किंगची चाकं फिरतात.

शेंडीवाला:
म्हणजे गाड्या बंद आणि गावाच्या पोटावर पाय? भातलावणीच्या आधी हातात पैसा नसतो. जेवण, तंबू, वाटाड्या यावरच चार घरं चालतात. पुण्यात बसून फतवे काढणं सोपं आहे.

घाटवळण:
गाड्या बंद करा असं कोण म्हणालं? आधी नीट वाचा, मग ओरडा. पर्यटकांच्या गाड्या शेंडी गावात ठेवा, पुढे गावच्या जीपने न्या. पैसा गावातच राहील. जीप थांबली की हेडलाइट, पार्किंग लाइट, आतला दिवा, तिन्ही बंद. दार उघडल्यावर आपोआप लागणारा दिवा निघण्याआधीच बंद करून ठेवायचा, सगळे तोच विसरतात. टॉर्चला लाल जिलेटीन कागदाचे दोन पदर, झोत पायाशी.

तिरकसकाका:
आणि झाड "उजळायला" टॉर्च मारणारे कलावंत? त्यांना कुठलं जिलेटीन?

रानभूल:
मारतात काही जण, आणि ते चूकच आहे. संधिप्रकाशातली फ्रेम घेतली असेल तर त्याची गरजच पडत नाही. बरं, यापुढे फोटोखाली "८० फ्रेम्स, ४० मिनिटं" लिहीन. झालं समाधान?

तिरकसकाका:
फार उपकार झाले. त्याखाली हेही लिहा: अमावास्येच्या आसपास जा, अंधारात २०-३० मिनिटं नुसते थांबा. एकदा मोबाइलची स्क्रीन पाहिली की डोळे सरावायला पुन्हा वेळ जातो. तुम्हाला लबाड म्हणणारे ते गृहस्थ बहुधा दर दोन मिनिटांनी स्क्रीन बघत असावेत. तेवढ्यापुरता तुमच्या बाजूने.

प्रवराकाठ:
एआयचा मुद्दा गेला वाटतं जिलेटीनखाली.

घाटवळण:
चित्राने काजवा मरत नाही, हेडलाइटने मरतो.

प्रवराकाठ:
चित्रानेही मरतो. तेच चित्र जाहिरातीला लावतात, लोक धबधबा शोधत येतात, तो नसतो. मग वैतागलेल्या गिऱ्हाइकाला रमवायला तंबूवाले फोकस आणि स्पीकर लावतात.

शेंडीवाला:
सगळे तंबूवाले नाही. बाहेरून येऊन हंगामापुरती जागा भाड्याने घेणारे कोण आहेत, ते आधी विचारा.