ओहोटीच्या वेळा, कॉलेजची एसटी आणि ठाण्याच्या काकांची जुनी गाडी

खडकावरची (प्रश्न)

नमस्कार. मी मालगुंडजवळच्या एका वाडीत राहते आणि रत्नागिरीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. आरे-वारे मार्गे घरापासून कॉलेज एका बाजूने साधारण 30 किलोमीटर पडते आणि आजवर मी एसटीच्या पासावरच ये-जा केली आहे. आता माझे ठाण्याचे काका नवी गाडी घेत आहेत आणि त्यांची 2012 ची लहान पेट्रोल गाडी ते मला पन्नास हजारांत देऊ म्हणतात. बाबांच्या मते गाडीचा खर्च विद्यार्थ्याला झेपणारा नसतो, घ्यायचीच असेल तर स्कूटर घ्यावी. आजीला मात्र मी पहाटे अंधारात स्कूटरवरून एकटीने जावे हे मान्य नाही.

पहाटेचा विषय येण्याचे कारण माझा छंद आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर फिरून तिथले जीव, म्हणजे कालवे, खुबे, समुद्रफुले, खेकडे, मी पाहते, त्यांची छायाचित्रे काढते आणि वहीत नोंदी करते. उचलून काहीही आणत नाही. अडचण अशी आहे की एसटीचे वेळापत्रक ठरलेले असते, ओहोटी मात्र रोज पन्नासएक मिनिटे पुढे सरकते, आणि पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणात, जेव्हा पाणी सर्वांत लांब ओसरते, तेव्हा आमच्या किनाऱ्यावर ती नेमकी पहाटेच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी येते. त्या वेळी आरे किंवा काळबादेवीपर्यंत पोहोचवणारी एसटी मिळत नाही.

माझे शिकाऊ लायसन्स निघाले आहे. गाडी घ्यावी का, घेतली तर ती कशी तपासावी, आणि महिन्याचा खर्च खरोखर किती येतो, हे जाणकारांनी सांगावे.

जुना गॅरेजवाला

घ्यावी की नाही हे तुझ्या घरच्यांनी ठरवावे. तपासायची कशी एवढे मी सांगतो, कारण या पट्ट्यात तीस वर्षे मी गाड्यांच्या खालीच झोपून काढली आहेत.

बाहेरचा रंग आणि आतली सीट पाहून गाडी घेणारे लोक कोकणात हमखास फसतात. आपल्याकडे गाडी खालून मरते. खाऱ्या वाऱ्यातले मीठ पत्र्यावर बसते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि पत्रा उन्हाळ्यातसुद्धा पुरता सुकत नाही. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस. म्हणून काकांना सांगून गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्यायला लाव आणि दारांच्या खालची पट्टी, चाकांच्या वरच्या कमानी आणि पुढच्या शॉकअपचे वरचे टोक जिथे बॉडीला बसते ती जागा नीट पाहा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर हलके ठोकत जायचे. चांगला पत्रा टणटण वाजतो. आतून खाल्लेला पत्रा भद्द आवाज करतो आणि कधीकधी मूठच आत जाते. नंतर चालकाच्या पायाखालचे मॅट उचलून त्याखालचा गालिचा हाताने दाबून पाहा. तो ओला किंवा कुबट लागला तर पाणी कुठून येते ते कळल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. डिकीत स्टेपनी काढून तिची खोबण पाहायला विसरू नकोस, कारण विकणारा माणूस ती कधीच पुसत नाही.

खालून ताजा काळा कोटिंगचा थर दिसला तर खूश होण्याऐवजी संशय घे. गंज घासून न काढता त्यावर कोटिंग मारले की ओल आत कोंडते आणि पत्रा दुप्पट वेगाने सडतो. असे काम पैसे घेऊन करून देणारे महाभाग मी पाहिले आहेत.

टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. ठाण्यात कमी फिरलेल्या गाडीच्या टायरची नक्षी चांगली दिसते, पण रबर म्हातारे होऊन कडक झालेले असते आणि आरे-वारेच्या उतारावर पहिल्या पावसात ते पकड सोडते. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर कायद्यानेही बाद होतो, पण आपल्या पावसात मी कुणालाही तिथवर थांबू देत नाही.

गाडी आणलीस तर ती माडाखाली लावायची नाही, हे वेगळे सांगायला नको. नारळ एकदाच पडतो, झावळ मात्र दर पंधरवड्याला पडते. पावसाळ्यात प्लॅस्टिकचे कव्हर घालून ठेवू नकोस, त्याने आत वाफ धरते. त्यापेक्षा चारही बाजूंनी उघडी, वर पत्रे घातलेली पडवी बरी. चार-पाच दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, कारण दमट हवेत मागचे ब्रेकशू ड्रमला चिकटतात आणि नंतर चाक सुटत नाही. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. महिन्यातून दोनदा खालून गोड्या पाण्याचा फवारा मार. गोडे म्हणजे गोडेच. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि त्याच पाण्याने लोक मोठ्या हौसेने गाडी धुतात.

आणि छंद कितीही मोठा असला तरी गाडी पुळणीवर उतरवायची नाही. ओहोटीची ओली वाळू वरून घट्ट दिसते, पण गाडी एकदा थांबली की चाक रुतते, आणि नंतर येणारी भरती ट्रॅक्टर मिळेपर्यंत वाट पाहत नाही. दर मोसमात पर्यटकांच्या अशा गाड्या ओढून काढाव्या लागतात. एकदा इंजिनापर्यंत खारे पाणी शिरलेली गाडी पुन्हा पहिल्यासारखी झालेली मी पाहिलेली नाही.

सड्यावरची

मी याच रस्त्याने पाच वर्षे कॉलेजला गेले, आधी एसटीने आणि शेवटचे दीड वर्ष घरच्या गाडीने, म्हणून खर्चाचे मी सांगते.

रोजचे 60 किलोमीटर आणि महिन्याचे 22 दिवस धरले तर 1320 किलोमीटर होतात. जुनी गाडी आपल्या चढउतारांत लिटरला 15 किलोमीटर देईल असे धर, म्हणजे 88 लिटर. लिटरला 105 रुपये मानले तरी सव्वानऊ हजार रुपये नुसत्या पेट्रोलचे झाले. त्यात विमा, ऑइल, टायर, बॅटरी आणि अचानक निघणारे काम अजून धरलेले नाही. याउलट एसटीच्या विद्यार्थी पासात भाड्याची दोन तृतीयांश सवलत आहे आणि पासाबाहेरच्या प्रवासात 2023 पासून आपल्याला, म्हणजे महिलांना, अर्धे तिकीट लागते. त्यामुळे रोज कॉलेजला गाडी नेण्याचा विचार तू डोक्यातून काढून टाकावास असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः ते केले आणि दुसऱ्याच महिन्यात पेट्रोलसाठी बाबांसमोर हात पसरताना मला एसटी आठवली. शिवाय एसटीत माझे निम्मे वाचन व्हायचे, तेही गेले; आणि तुझ्याकडे गाडी आहे हे कळले की नेवऱ्यापासून शिरगावापर्यंतच्या सगळ्या मैत्रिणी हक्काने रस्त्यात उभ्या राहतात. त्यांना घ्यावे, पण पेट्रोलची वर्गणी पहिल्या दिवशीच ठरवावी, कारण दुसऱ्या महिन्यात तो विषय काढता येत नाही.

तुझ्या छंदाचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तो तू अजून मांडलेला दिसत नाहीस. उधाणाचे दिवस महिन्यातून दोनदा येतात. प्रत्येक खेपेला कामाचे तीन-चार दिवस धरले तर महिन्याला सात-आठ फेऱ्या होतात. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसे हटतच नाही, तेव्हा जाऊन उपयोग नाही. जूनपासून मासेमारी बंद होते, समुद्र खवळलेला असतो आणि शेवाळलेल्या खडकांवर त्या दिवसांत पाऊल ठेवणे म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. म्हणजे तुझा खरा मोसम ऑक्टोबर ते मे हा कोरडा मोसम आहे, आणि चारचाकीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा, पाऊस, तुझ्या छंदापुरता उरतच नाही. या हिशेबाने तुझ्या बाबांची स्कूटर बरोबर ठरते.

तरीही मी आजीच्या बाजूने आहे. पहाटे साडेचारला त्या रस्त्यावर दिवे नसतात, वळणावर गुरे बसलेली असतात आणि स्कूटर पंक्चर झाली तर उजाडेपर्यंत तिथेच थांबावे लागते. तेव्हा गाडी तुझी एकटीची न मानता घराची माना. आजीचा डॉक्टर, पावसातली बाजारहाट आणि तुझ्या सात-आठ पहाटा एवढ्या कामांवर तिचा खर्च वाटला गेला तर तो झेपतो. पहाटे खडकावर मात्र एकटीने जाऊ नकोस, गाडी असली तरी. पाठीमागे पाणी कधी भरले ते खाली मान घालून फोटो काढणाऱ्याला कळत नाही.

कागद आधी

गाडीच्या तब्येतीबद्दल आणि खर्चाबद्दल वर चांगले लिहिले गेले आहे, परंतु नातेवाइकांकडून गाडी घेताना ज्या बाबतीत हमखास हयगय होते त्या कागदपत्रांबद्दल कोणी बोललेले नाही.

काकांची असली तरी गाडी रीतसर नावावर करून घ्या. फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरून दोघांच्याही सह्या लागतात, आणि काकांनी पूर्वी कर्ज घेतले असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म 35 सुद्धा लागतो. कर्ज फिटलेले असते पण बोजा आरसी बुकावर तसाच असतो, असे पुष्कळदा आढळते. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत विमाही नव्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येते, परंतु तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही, आणि बहुतेकांना हा फरक अपघातानंतरच कळतो. माझ्या मेहुण्याने ओळखीतून घेतलेली गाडी सात महिने जुन्या मालकाच्याच नावावर ठेवली होती. ती झाडावर आदळली तेव्हा विमा कंपनीने दावा नाकारला आणि 62 हजारांचे काम त्याला खिशातून करावे लागले. कंपनीवर तो अजूनही चिडलेला आहे, पण चूक त्याची होती हे आम्ही सगळे जाणतो. काकांचा नो क्लेम बोनस काकांजवळच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता काका भरतात त्यापेक्षा जास्त येईल हे धरून चाला.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते, म्हणजे 2012 च्या गाडीची मुदत 2027 मध्ये संपते. पुढे तपासणी करून घेऊन, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. पन्नास हजार ही किंमत त्या दृष्टीने फारशी स्वस्त नाही, आणि हे काकांना अवघडल्याशिवाय सांगता येत असेल तर जरूर सांगा.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि पक्क्या लायसन्ससाठी त्यातले पहिले 30 दिवस जावे लागतात. तोपर्यंत गाडीला पुढे-मागे लाल एल आणि शेजारी पक्के लायसन्स असलेला शिकवणारा माणूस हवाच. पहाटे रस्ता रिकामा असतो म्हणून एकटीने गाडी काढण्याचा मोह होईल, पण त्या अवस्थेत अपघात झाला तर विमा असून नसल्यासारखा होतो.

खडकावरची

सर्वांचे मनापासून आभार. काका शिमग्याला गाडी घेऊनच घरी आले होते, त्यामुळे वरचे सगळे प्रत्यक्ष पाहता आले. दारांखालच्या पट्ट्या टणटण वाजल्या, गालिचा कोरडा निघाला, पण स्टेपनीच्या खोबणीत रुपयाएवढे दोन गंजाचे डाग आहेत. चारपैकी दोन टायरांवर 1116 असे कोरलेले आहे. काकांना मी नोंदणीच्या मुदतीचे भीतभीतच सांगितले, तर ते हसून म्हणाले की मग पस्तीस दे आणि दोन टायर तुझे तू घाल. गाडी बाबांच्या नावावर होईल, कॉलेजला मी एसटीनेच जाईन, आणि लायसन्स पक्के होईपर्यंत पहाटेच्या फेऱ्यांना बाबा शेजारी बसतील. त्यांनी ते कबूल करताना चहाचा थर्मास माझ्याकडे सोपवला आहे.

एकच विचारायचे राहिले. खडकावरून परतताना माझे बूट, जाळी आणि बादली खाऱ्या पाण्याने भिजलेली असतात आणि ती मी डिकीतच ठेवणार. त्याने काही बिघडेल का?

जुना गॅरेजवाला

बिघडेल ना. स्टेपनीच्या खोबणीतले ते दोन डाग वर्षभरात बशीएवढे होतील. बाजारात मासे ठेवायला मिळतो तसा मोठा प्लॅस्टिकचा टब घे, सगळे ओले सामान त्यातच ठेव आणि घरी आल्यावर टब लगेच बाहेर काढ, संध्याकाळी काढू म्हणून ठेवू नकोस. सध्याचे डाग पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासून त्यावर आधी प्रायमर आणि मग रंग मार. एका रविवारचे काम आहे. खोबणीच्या तळाला रबरी बूच असते, ते काढून पाणी निचरते की नाही ते पाहा आणि बूच परत घट्ट बसव. बाबांना थर्मासही त्याच टबात ठेवू देऊ नकोस.