टबाखालून गळती : फक्त भिंत फोडावी की स्लॅबपर्यंत जावं?

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आमचा जुना फ्लॅट आहे. बाथरूम 8 बाय 5 फूट, सनकन स्लॅबचं, म्हणजे स्लॅब खाली घेऊन वर भराव घातलेलं. एका कडेला बांधीव टब, त्याच्याच वर शॉवर आणि तीन बाजूंनी टाईल्स. खालच्यांच्या छताला ओल आली आहे. त्यांच्या घरात लहान बाळ आहे, त्यामुळे फार अपराधी वाटतं.

टबाच्या कडेचं सिलिकॉन काढून नवीन भरलं. टाईल्सच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारं भरण) भरून घेतलं. पाइपची प्रेशर टेस्ट झाली, त्यात काही निघालं नाही. चार दिवस शॉवर बंद ठेवून बादलीने टबाबाहेर आंघोळी केल्या तर ओल वाढली नाही. टब नुसता भरून सोडला तरी वाढत नाही. म्हणजे पाणी शॉवरच्या भिंतीतूनच मुरतंय, असं मला वाटतं.

गवंडी म्हणतो, सगळंच खोदा. प्लंबर म्हणतो, भिंत पुरे. बाथरूम एकच आहे, माणसं पाच. वडिलांच्या गुडघेदुखीला गरम पाण्याच्या टबाने आराम पडतो, म्हणून टब काढायचा नाही.

टब न हलवता तिन्ही भिंतींच्या टाईल्स काढून मागे वॉटरप्रूफिंग केलं आणि ते टबाच्या काठावर उतरवलं, तर टिकतं का? कुणी केलंय का?